धागा: एम.एस्सी. गणित, जोडीला प्रोग्रामिंग, आणि मेडिकल कॉलेजच्या परीक्षांचं विश्लेषण

कातळशिल्प
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. गणित, शेवटचं वर्ष, रत्नागिरी जिल्हा. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एम.एस्सी.साठी मुंबई विद्यापीठाबाहेर कुठल्या प्रवेश परीक्षा आहेत, त्या कधी असतात आणि त्यांच्या तयारीत काय फरक पडतो? प्रोग्रामिंग किती यायला हवं आणि सुरुवात कुठून करावी? तिसरी जरा वेगळी आहे. नात्यातल्या एक ताई मेडिकल कॉलेजात मेडिकल एज्युकेशन युनिटचं काम बघतात. एमसीक्यूच्या (बहुपर्यायी प्रश्नांच्या) पेपरचं विश्लेषण करून देणारं कुणीतरी त्यांना हवंय. गणिताच्या विद्यार्थ्याला हे जमण्यासारखं आहे का?

दाभोळखाडी
आधी तारखा बघू, कारण आपल्याकडची पोरं बहुतेक तिथेच हुकतात. आयआयटी जॅमचे (आयआयटींमधल्या एम.एस्सी.ची सामाईक प्रवेश परीक्षा) अर्ज सप्टेंबरात सुरू होऊन ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास बंद होतात. आपल्याकडे तेव्हा गणपती, मग सत्राची परीक्षा, मग भातकापणी. दिवाळीनंतर जाग आली तर जॅम त्या वर्षापुरती गेली. टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) परीक्षा डिसेंबरात, जॅम फेब्रुवारीत, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी पीजी मार्चमध्ये, आयएसआय (भारतीय संख्याशास्त्र संस्था) आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट म्हणजे सीएमआय साधारण मे महिन्यात. गोवा विद्यापीठाची स्वतःची परीक्षा वेगळी आहे. त्यावर तेरेखोल लिहितील.

जॅमचा गणिताचा पेपर ३ तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. अ विभागात एकच उत्तर बरोबर असलेले ३० प्रश्न: १० एका गुणाचे, २० दोन गुणांचे. उत्तर चुकलं तर अनुक्रमे १/३ आणि २/३ गुण कापले जातात. ब विभागात १० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. इथे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात. अर्धवट गुण नाहीत, कापणीही नाही. क विभागात २० प्रश्नांची उत्तरं आकड्यात टाइप करायची, तिथेही कापणी नाही. म्हणजे ब आणि क मिळून ५० गुणांत एकही जागा रिकामी सोडायचं कारण नाही. क विभाग मात्र अंदाजाने सुटत नाही, तिथे हिशोब पूर्ण करावाच लागतो. कॅल्क्युलेटर स्क्रीनवर मिळतो, स्वतःचा चालत नाही. माऊसने तो वापरायची सवय आधी करून घ्या.

पाठांतरावर निघणारी मुलं ब विभागात अडकतात. एक नमुना बघा. ‘सिरीज अभिसारी असेल (बेरीज एका ठरावीक संख्येकडे जात असेल) तर तिच्या पदांच्या वर्गांची सिरीजही अभिसारी असते’, हे विधान खरं की खोटं? झटक्यात ‘खरं’ वाटतं, कारण पदं लहान होत जातात आणि वर्ग त्याहून लहान. आता ही पदं घ्या: −१, १/√२, −१/√३, १/√४… चिन्हं आलटूनपालटून येतात आणि पदं घटत शून्याकडे जातात, म्हणून लायब्निझच्या कसोटीने सिरीज अभिसारी. वर्ग केले की १ + १/२ + १/३ + १/४… ही हार्मोनिक सिरीज झाली आणि ती अपसारी. विधान खोटं. ‘सगळी पदं शून्य किंवा धन’ ही अट घातली की तेच विधान खरं होतं. परीक्षेत ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी पर्याय म्हणून येतात. म्हणून प्रत्येक प्रमेय वाचताना एकेक अट काढून बघा आणि कुठली अट काढल्यावर ते मोडतं त्याचं उदाहरण वहीत लिहा. अशी दीडशे-दोनशे उदाहरणं साठली की ब विभागाची धास्ती राहत नाही.

आयएसआय आणि सीएमआय या वेगळ्याच परीक्षा. तिथे सिद्धता लिहून दाखवायची असते. वीस प्रश्न अर्धवट करण्यापेक्षा पाच पूर्ण लिहिलेले बरे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचं दडपण घेऊ नये. सिद्धतेला लागणारी वाक्यं मोजकीच असतात: समजा की, असं गृहीत धरू, म्हणून, यावरून विरोधाभास. खरी अडचण भाषेची नसते. ‘प्रत्येक’ आणि ‘किमान एक’ या शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे लक्षात न येणं ही ती अडचण.

लांज्याची_एसटी
कागदपत्रांबद्दल एवढंच. ओबीसीतून अर्ज करणाऱ्यांनी नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला घ्यावा. राज्याच्या नमुन्यातला दाखला आयआयटी स्वीकारत नाहीत. सेतूत अर्ज देतानाच ‘केंद्राचा नमुना’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच निघतो. आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना, तेही आधी पाहा. दोन याद्या एकसारख्या नाहीत. ईडब्ल्यूएसचा दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षाचा लागतो. गणपतीच्या आठवड्यात तहसीलमध्ये सही मिळणं कठीण, म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच काम उरका.

परीक्षेच्या शहरांची यादी दरवर्षी नव्याने तपासा. केंद्र गोव्यात, कोल्हापुरात किंवा मुंबईत आलं तर आदल्या दिवशीच पोचा. कोकण रेल्वेच्या रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून सकाळच्या सत्राला बसू नका.

तेरेखोल
सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग या भागातल्या मुलांना ताळगावचं गोवा विद्यापीठ मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. प्रवेशासाठी विद्यापीठाची स्वतःची क्रमवारी चाचणी असते, जीयू-आर्ट. महाराष्ट्रातल्या मुलांनी जागांचं वाटप आणि शुल्क दोन्ही माहितीपत्रकात नीट वाचावं, कारण गोव्यातल्या पदवीधरांचा आणि बाहेरच्यांचा हिशोब वेगळा असतो.

आणि उन्हाळ्यातलं एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) शिबिर सोडू नका. १९९३ पासून चालू आहे. चार आठवडे, रोज व्याख्यानं आणि त्याहून जास्त वेळ स्वतः प्रश्न सोडवणं. तिथे शिक्षक उत्तर देत नाहीत, उलट प्रश्न विचारतात. आयएसआय किंवा सीएमआयची इच्छा असेल तर या शिबिराइतकी चांगली तयारी दुसरी नाही. बी.एस्सी.च्या खालच्या वर्षातल्या भावंडांना माधव गणित स्पर्धेलाही बसवा.

पडाव
प्रोग्रामिंगचं मी घेतो.

एकच भाषा धरा, पायथन. जुन्या लॅपटॉपवर अ‍ॅनाकोंडाचं भलंमोठं पॅकेज टाकू नका. साधं पायथन आणि थॉनी हा हलका एडिटर पुरे. थॉनीत ओळीगणिक चल राशींच्या किमती बदलताना दिसतात, सुरुवातीला ते सोन्याहून पिवळं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी आवाजातले धडे आहेत. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून मे महिन्यातच उतरवून ठेवा. तिथेच लाटेकचे, म्हणजे गणिताचा मजकूर टाइप करायच्या प्रणालीचे, धडेही घ्या. एम.एस्सी.चा प्रबंध त्यातच लिहावा लागतो आणि समीकरणं वर्डमध्ये टाइप करण्यात आठवडे जातात.

पहिला सराव म्हणून आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या. गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. त्यांचा स्थिरांक ६१७४. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतो.

प्रोग्राम दहा ओळींचा आहे: संख्या मजकुरात बदला, अंक लावा, पुन्हा संख्या करा, वजाबाकी, मोजणी. पण पहिल्यांदा लिहिणारे जवळजवळ सगळे एकाच जागी चुकतात. २१११ घ्या. २१११ − १११२ = ९९९. संगणकाच्या लेखी ही तीन अंकी संख्या. पुढच्या फेरीत ९९९ − ९९९ = ०, आणि प्रोग्राम शून्यातच फिरत राहतो. खरं उत्तर ०९९९ धरायचं. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२, ८५३२ − २३५८ = ६१७४. पाच पायऱ्या. म्हणून प्रत्येक फेरीत मजकूर चार अंकांपर्यंत डावीकडून शून्यांनी भरून घ्यावा लागतो. त्यासाठी पायथनमध्ये झेडफिल नावाची सोय आहे.

दुसरी खबरदारी: फेऱ्यांना वरची मर्यादा घाला, समजा २०. ‘६१७४ येईपर्यंत चालू दे’ असं लिहिलं आणि कुठे चूक असली तर प्रोग्राम थांबतच नाही, आणि चूक कुठे आहे तेही कळत नाही.

दाभोळखाडी
पडाव, उदाहरण फार चांगलं निवडलंत. त्यात गणिताची बाजूही घालतो, कारण एम.एस्सी.ला नुसतं ‘सगळ्या संख्या चालवून पाहिल्या’ एवढ्यावर भागत नाही.

उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड. मग वजाबाकी होते ९९९(अ−ड) + ९०(ब−क). म्हणजे फरक फक्त दोन गोष्टींवर अवलंबून: टोकाच्या अंकांतलं अंतर आणि मधल्या अंकांतलं अंतर. टोकांचं अंतर १ ते ९, आणि मधलं अंतर शून्यापासून टोकांच्या अंतरापर्यंत. जोड्या किती? २ + ३ + … + १० = ५४. ०००० ते ९९९९ मधल्या सारख्या अंकांच्या १० सोडून ९,९९० संख्या आहेत, आणि पहिल्याच पायरीनंतर त्यांतून फक्त ५४ शक्यता उरतात. त्या हातानेही तपासता येतात.

कातळशिल्प, हे काम दोन्ही बाजूंनी करून बघा. आधी प्रोग्रामने ९,९९० तपासा, मग सिद्धतेने ५४ वर या, मग त्या ५४ प्रोग्रामने पुन्हा तपासा. दोन्ही उत्तरं जुळली की मगच पुढे चला. एम.एस्सी.त कोडिंग थिअरी, न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस, ग्राफ थिअरी या विषयांत हीच सवय लागते.

केवडा
कातळशिल्प, तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी खास लिहितेय. मेडिकल कॉलेजात शिकवते आणि मेडिकल एज्युकेशन युनिटचं काम बघते.

एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत एमसीक्यूंचा वाटा २० टक्क्यांपर्यंतच असतो, पण अंतर्गत चाचण्यांत ते वर्षभर असतात. पेपर तपासून गुण लागले की फाईल बंद होते. प्रश्न कसा होता ते कुणी बघत नाही आणि तोच सदोष प्रश्न पुढच्या वर्षी पुन्हा येतो. हे थांबवायचं असेल तर प्रत्येक चाचणीनंतर प्रश्नांचं विश्लेषण आठवड्याभरात विभागासमोर यायला हवं.

अलिबाग, ओरोस, रत्नागिरी इथल्या सरकारी कॉलेजांत दरवर्षी १०० विद्यार्थी. समजा २० प्रश्न, चार पर्याय. उत्तरं ओएमआरवरून एक्सेलमध्ये आली आहेत. यापुढचं काम गणितवाल्याने कसं करावं, ते कुणी पायरीपायरीने लिहील का?

रापण
लिहितो. हे काम संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात बसणारं आहे. अवघड भाग सूत्रांत नाही, फाईल साफ करण्यात आहे.

फाईलमध्ये प्रत्येक ओळ एक विद्यार्थी, प्रत्येक स्तंभ एक प्रश्न, खान्यात निवडलेला पर्याय. उत्तरसूची वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. हजेरी क्रमांकाचा स्तंभ मजकूर म्हणून वाचा, संख्या म्हणून नको. एक्सेल ००७ चा ७ करतं आणि मग दुसऱ्या यादीशी जुळवताना ती ओळ हरवते. कापरेकरांच्या उदाहरणात पडला तोच खड्डा. रिकामं उत्तर आणि चुकीचं उत्तर वेगळं नोंदवा. गुण दोन्हींना शून्य, पण १०० पैकी ३० जणांनी एखादा प्रश्न रिकामा सोडला असेल तर तो शिकवलाच गेला नसण्याची शक्यता आहे. सगळीकडे शून्य भरलंत की ही खूण पुसली जाते. दोन गोल भरलेली उत्तरंही तिसऱ्या चिन्हाने ठेवा.

पेपरचे संच असतील तर हिशोबाआधी प्रत्येक संचाची सरासरी काढा. २० प्रश्न, चार पर्याय, म्हणजे डोळे मिटून गोल भरले तरी सरासरी ५ येते. तीन संचांची सरासरी १२ च्या आसपास आणि एकाची ५ च्या आसपास दिसली, तर त्या संचाला दुसऱ्याच संचाची उत्तरसूची लागली आहे. विद्यार्थी बिचारे निर्दोष असतात.

मग बरोबरला १, बाकी सगळ्याला ० असा तक्ता करा, बेरीज घ्या, उतरत्या क्रमाने लावा. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्या, १०० विद्यार्थ्यांत २७ आणि २७. हा २७ चा आकडा केली या मानसशास्त्रज्ञाने १९३९ साली काढून दाखवला. गट फार छोटा घेतला तर माणसं कमी पडतात, फार मोठा घेतला तर दोन गटांतला फरक पुसट होतो. गुणांचं वितरण घंटाकृती धरलं तर मधला सुवर्णबिंदू २७ टक्क्यांवर येतो.

आता एक प्रश्न घेऊ. वरच्या २७ पैकी २० बरोबर, खालच्या २७ पैकी ११ बरोबर. सुलभता निर्देशांक, म्हणजे किती जणांना प्रश्न सुटला = (२० + ११)/५४ = ५७ टक्के. भेद निर्देशांक, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्ची मुलं किती वेगळी दाखवतो = (२० − ११)/२७ = ०.३३. सुलभता ३० ते ७० टक्क्यांत असावी आणि भेद ०.२ च्या वर, असा सर्वसाधारण संकेत आहे. हा प्रश्न ठीक.

दुसरा: वरच्या गटात ६ बरोबर, खालच्यात १३. सुलभता १९/५४ = ३५ टक्के, म्हणजे नुसत्या या आकड्यावर प्रश्न पास. भेद मात्र (६ − १३)/२७ = −०.२६. हुशार मुलं चुकताहेत आणि कच्ची मुलं बरोबर येताहेत. असं दिसलं की पहिला संशय उत्तरसूचीवर. वरच्या २७ पैकी बहुतेकांनी कुठला पर्याय निवडला ते बघा. सगळे एकाच पर्यायावर असतील तर बहुधा तोच बरोबर आहे आणि सूचीत टाइप चुकलाय. दोन पर्यायांत विभागले असतील तर प्रश्नाची भाषा दुहेरी अर्थाची आहे.

शेवटी चुकीचे पर्याय तपासा. ५ टक्क्यांहून कमी मुलांनी निवडलेला पर्याय निकामी समजायचा. चारपैकी दोन निकामी असतील तर प्रश्न कागदावर चार पर्यायांचा, प्रत्यक्षात दोनच पर्यायांचा. नाणं उडवूनही ५० टक्के.

पडाव
यात एक गोम राहिली. २७ व्या आणि २८ व्या विद्यार्थ्याचे गुण सारखे आले तर? २० गुणांच्या चाचणीत हे हमखास होतं. एकाच गुणावर आठ-दहा मुलं असतात. क्रमवारी लावणारा प्रोग्राम त्यांतली कुणीतरी उचलतो आणि फाईलमधल्या ओळींचा क्रम बदलला की भेद निर्देशांकही बदलतो. तीच फाईल, वेगळं उत्तर. त्यापेक्षा पॉइंट-बायसीरियल सहसंबंध घ्या, म्हणजे प्रश्नाचा १ किंवा ० आणि एकूण गुण यांच्यातला सहसंबंध. त्यात सगळे १०० विद्यार्थी मोजले जातात, गट पाडायची गरज राहत नाही. फक्त एकूण बेरजेतून तो प्रश्न आधी वजा करा. २० प्रश्नांच्या पेपरात प्रश्न स्वतःशीच थोडा जुळतो आणि सहसंबंध फुगतो.

रापण
पूर्ण सहमत. आणि सगळ्यात कळकळीची गोष्ट लिहायची राहिली होती, तीही आत्ताच लिहितो.

हे आकडे डळमळीत असतात. २७-२७ चे गट आणि बरोबर येण्याची शक्यता निम्मी धरली तर भेद निर्देशांकाची प्रमाण त्रुटी (आकडा निव्वळ योगायोगाने किती हलतो त्याचं माप) = √(०.२५ × २/२७), म्हणजे साधारण ०.१४. दोन्ही बाजूंना दुप्पट धरा, पाऊण टप्पा झाला. ०.१५ आलेला प्रश्न वाईट आणि ०.२५ आलेला चांगला असं म्हणायला १०० मुलांच्या चाचणीत आधारच नाही. तरी ‘०.२ च्या खाली’ म्हणून प्रश्न लाल रंगाने रंगवून प्रश्नसंचातून काढून टाकतात. तसं करू नका. ठळक उणे आलेले प्रश्न जरूर उघडून बघा. काठावरचे प्रश्न ठेवा आणि पुढच्या दोन-तीन बॅचचे आकडे जोडा. ३०० विद्यार्थी झाले की गट ८१-८१ चे होतात आणि त्रुटी ०.०८ वर येते.

एकूण पेपरच्या विश्वसनीयतेचंही तसंच. २० प्रश्नांच्या चाचणीची केआर-२० (विश्वसनीयतेचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) ०.५५ आली म्हणून पेपर काढणाऱ्याला बोल लावू नये. स्पिअरमन-ब्राऊन सूत्राने त्याच दर्जाचे प्रश्न दुप्पट केले तर (२ × ०.५५)/(१ + ०.५५) = ०.७१ येते. दोष प्रश्नांचा नव्हता, चाचणी तोकडी होती.

तेरेखोल
ह्यां बरोबर आसा, पण ‘पाऊण टप्पा’ म्हणजे नक्की किती? वाचणाऱ्याला आकडा द्या.

रापण
चुकलंच, स्पष्ट लिहायला हवं होतं. ०.१४ च्या दुप्पट ०.२८. म्हणजे ०.३३ आलेल्या प्रश्नाचा खरा भेद ०.०५ पासून ०.६१ पर्यंत कुठेही असू शकतो.

केवडा
रापण, ही त्रुटीची ओळ मी आमच्या तक्त्याच्या डोक्यावर छापून ठेवणार आहे. आता पुढचं, कारण विश्लेषण झाल्यावर त्याचं काय करायचं हे संगणक सांगत नाही. ते काम युनिटच्या समन्वयकाचं आणि अधिष्ठात्यांचं.

बैठकीत तक्ता पडद्यावर लावताना प्रश्न काढणाऱ्याचं नाव काढून टाका, फक्त प्रश्न क्रमांक. आपल्याकडे वरिष्ठांनी काढलेल्या प्रश्नावर कनिष्ठ बोलत नाहीत, आणि नाव दिसलं की चर्चा तिथेच संपते. सुरुवात समन्वयकाने स्वतःच्या सदोष प्रश्नापासून करावी. एका बैठकीत चार-पाचच प्रश्न घ्या. वीसच्या वीस काढून बसलात तर तासाभरात लोक उठून ओपीडीला जातात, आणि त्यांचंही बरोबर असतं.

निर्णयाचे नियम चाचणीच्या आधी लिहून ठेवा, निकालानंतर नाही. सूची चुकली असेल तर दुरुस्त करून सगळ्यांचे पेपर पुन्हा मोजा. दोन उत्तरं बरोबर असतील तर दोन्ही मान्य करा. प्रश्नच चुकीचा असेल तर तो रद्द करायचा की सगळ्यांना गुण द्यायचा? दोन्ही सारखं वाटतं, पण तसं नाही. एखादी विद्यार्थिनी २० पैकी १० वर आहे, बरोबर ५० टक्के. तिचा तो प्रश्न सूचीप्रमाणे बरोबर होता. रद्द केला तर ९/१९, म्हणजे ४७.४ टक्के, ती रेषेखाली गेली. चूक पेपर काढणाऱ्याची आणि फटका तिला. म्हणून सगळ्यांना गुण देणं अधिक न्याय्य, असं माझं ठाम मत आहे.

पेपर काढण्याआधीचं कामही तितकंच मोलाचं: ब्लूप्रिंट, म्हणजे कुठल्या घटकाला किती गुण याचा आराखडा. प्रत्येक घटकाला परिणामाचे १ ते ३ आणि वारंवारितेचे १ ते ३ आकडे द्या आणि गुणाकार करा. समजा लेप्टोस्पायरोसिस ३×३ = ९, सर्पदंश ३×२ = ६, डेंगी २×२ = ४, विंचूदंश ३×१ = ३, जंत २×१ = २. बेरीज २४. चाचणी ४० गुणांची असेल तर लेप्टोला ४० × ९/२४ = १५ गुण, मग १०, ६.६७, ५, ३.३३. पूर्णांकात १५, १०, ७, ५, ३. हे आकडे फक्त रीत दाखवायला घेतलेत. वारंवारिता कुठली धरायची यावर विभागात चर्चा झालीच पाहिजे. विद्यापीठाच्या पेपरला विद्यापीठाचीच ब्लूप्रिंट लागू. अंतर्गत चाचणीत मात्र आपल्या भागाचा विचार करता येतो आणि करावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, त्या जिल्ह्याच्या शेजारी शिकणाऱ्या मुलाला त्यावर एकही प्रश्न येऊ नये, हे मला पटत नाही.

आणखी एक. सरकारी कॉलेजांत बदल्या होतात. प्रश्नसंच एखाद्याच्या पेन ड्राइव्हमध्ये असला की बदलीबरोबर तोही जातो. प्रत्येक प्रश्नाच्या पुढे तो वापरलेली वर्षं, सुलभता, भेद आणि बैठकीतला निर्णय अशी नोंद विभागाच्या संगणकावर राहू द्या.

कातळशिल्प
खूप आभार सगळ्यांचे. केवडा ताई, दोन शंका. या कामावर एम.एस्सी.चा प्रकल्प करता येईल का? आणि डॉक्टरांपैकी ज्यांना या दिशेने शिकायचंय ते कुठलं प्रशिक्षण घेतात? ताई विचारत होत्या.

केवडा
दुसरी आधी. एनएमसीचा (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) बेसिक कोर्स इन मेडिकल एज्युकेशन तीन दिवसांचा असतो, आपल्या कॉलेजला नेमून दिलेल्या केंद्राच्या देखरेखीखाली. त्यानंतर अ‍ॅडव्हान्स कोर्स: प्रत्यक्ष सत्र, मग आपल्याच कॉलेजात प्रकल्प, मग त्याचं सादरीकरण. संशोधनासाठी बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च एनपीटेल या ऑनलाइन व्यासपीठावर आहे. त्यातला संख्याशास्त्राचा भाग मनापासून करा, नुसता प्रमाणपत्रापुरता नको. पुढे मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात फाइमर या वैद्यकीय शिक्षणातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेची दोन वर्षांची अंशकालीन फेलोशिप आहे, नोकरी सांभाळून करता येते. पदव्युत्तर पदवीच हवी असेल तर मास्ट्रिख्ट विद्यापीठाचा हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशनचा अभ्यासक्रम बराचसा दूरस्थ आहे, पण खर्च मोठा. या सगळ्यांत अर्जाबरोबर प्रकल्पाची कल्पना मागतात. ‘अध्यापन सुधारणं’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक विभागाच्या अंतर्गत चाचण्यांतल्या उणे भेदाच्या प्रश्नांचं प्रमाण दोन वर्षांत कमी करणं’ असं मोजता येईल ते लिहा.

प्रकल्प जरूर करता येईल, पण परवानगी आधी. विद्यार्थ्यांची नावं, हजेरी क्रमांक, जन्मतारखा काढून, प्रत्येक ओळीला नवा क्रमांक देऊनच फाईल कॉलेजबाहेर जाईल. जोडणारी यादी कॉलेजातच राहील. निष्कर्ष छापायचे असतील तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीकडे अर्ज करावा लागतो. अशा कामाला सूट मिळू शकते, पण ती समितीने द्यायची असते, आपण गृहीत धरायची नसते. आणि अर्ज माहिती गोळा करायच्या आधी.

दाभोळखाडी
प्रकल्पात नुसते निर्देशांक काढलेत तर परीक्षक विचारतील, यात गणित कुठे? म्हणून राश प्रतिमान घ्या. डेन्मार्कच्या गेऑर्ग राश यांनी १९६० साली मांडलं. विद्यार्थ्याची क्षमता आणि प्रश्नाचा अवघडपणा यांच्यातला फरक लॉजिस्टिक फलात घातला की बरोबर उत्तराची संभाव्यता मिळते. दोन्ही समान असतील तर संभाव्यता निम्मी. विद्यार्थ्याची एकूण बेरीज त्याच्या क्षमतेबद्दलची सगळी माहिती पुरवते, हे सिद्ध करणं एम.एस्सी.च्या पातळीचं चांगलं प्रमेय आहे.

अंदाज काढताना एक अडचण येते. २० पैकी २० किंवा २० पैकी ० मिळवलेल्याची क्षमता अनंताकडे जाते आणि प्रोग्राम अडकतो. त्या ओळी बाजूला ठेवा आणि किती होत्या ते प्रबंधात लिहा. सगळ्यांनी बरोबर सोडवलेला किंवा सगळ्यांनी चुकवलेला प्रश्नही तसाच काढावा लागतो. एक काढला की दुसऱ्या कुणाची बेरीज टोकाला जाऊ शकते, म्हणून ही तपासणी काही उरेनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा.

पडाव
आणि खरी फाईल हातात यायच्या आधी खोटी बनवा. १०० विद्यार्थ्यांची क्षमता आणि २० प्रश्नांचा अवघडपणा तुम्हीच ठरवा, त्यावरून १ आणि ० निर्माण करा, आणि तुमचा प्रोग्राम ते आकडे परत काढून देतो का बघा. शून्यापासूनची जागा ठरवायला प्रश्नांच्या अवघडपणाची बेरीज शून्य ठेवा, नाहीतर सगळे आकडे एकाच रकमेने सरकतात आणि चूक नसताना चूक शोधत बसाल. यादृच्छिक संख्यांचं बीज (सीड, ज्या आकड्यापासून त्या तयार होतात) ठरावीक ठेवा, म्हणजे उद्या तीच फाईल पुन्हा बनवता येईल.

कातळशिल्प
आजपासून क्रमाने घेतो: कापरेकर दोन्ही बाजूंनी, मग खोटी फाईल, मग ताईंच्या कॉलेजचं परवानगीचं पत्र. जॅमचा दाखला सोमवारी सेतूत, केंद्राच्या नमुन्यात. राशमध्ये अडकलो तर याच धाग्यावर विचारेन.